कानाचा डॉक्टर घडतो तरी कसा?

मुलांनो, तुमची करंगळी हळूच कानात घालून बघा बरं. (फक्त करंगळी! पेन्सिल, हेअरपिन, काडेपेटीतली काडी, यांतलं काहीही नाही.) कितीशी आत गेली? नख बुडालं न बुडालं, एवढंच ना? बाहेरून कानाच्या पडद्यापर्यंतची वाट मोठ्या माणसातसुद्धा जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि तीही सरळ नाही, वळण घेत जाते. पडद्याच्या पलीकडे एक इवलीशी खोली आहे. तिथे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना धरून बसलेली असतात. रिकीब तर आपल्या अंगातलं सगळ्यात लहान हाड. उंची तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा!

या खोलीच्या भिंतीतून एक नस जाते. आपण हसतो, डोळा मिटतो, शीळ घालतो, ते तिच्याच जोरावर. कानाचं ऑपरेशन करताना तिला इजा झाली तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. आता सांगा, अशा जागी हत्यार चालवणारा हात किती तयार हवा? आणि तो तयार होतो कुठे?

अशा डॉक्टरांना आपण सोपं करून कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणतो. त्यांच्या विषयाचं पुस्तकी नाव मात्र शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला द्यावं असं आहे : ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी! ग्रीक भाषेत ‘ओटो’चा संबंध कानाशी, ‘ऱ्हायनो’चा नाकाशी आणि ‘लॅरिंक्स’ म्हणजे स्वरयंत्र. गेंड्याला इंग्रजीत ऱ्हायनोसेरॉस म्हणतात ना, तो याच नाकावरून. नाकावर शिंग असलेला प्राणी.

समजा, तुमच्या ओळखीच्या एखाद्या ताईला हे शिकायचं आहे. बारावी सायन्सनंतर ‘नीट’ची परीक्षा, मग एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर पुन्हा एक प्रवेश परीक्षा. तिथे चांगला क्रमांक आला तर एम.एस. ईएनटी, तीन वर्षं. या तीन वर्षांत ताई विद्यार्थी असते आणि डॉक्टरही असते. ती पेशंट तपासते, रात्रपाळी करते, प्रबंध लिहिते, तिला दरमहा विद्यावेतनही मिळतं. दिवसरात्र इस्पितळाशीच बांधलेली, म्हणून ‘निवासी डॉक्टर’. पालकांनी वर्तमानपत्रात ‘मार्ड’ हे नाव वाचलं असेल. ती महाराष्ट्रातल्या या निवासी डॉक्टरांची संघटना.

पहिल्या वर्षी ताईला वाटत असतं, आता आपण ऑपरेशनं करणार. तिच्या वाट्याला येतो कपाळावरचा आरसा! मध्ये भोक असलेला हा गोल आरसा तुम्ही पाहिला असेल. पेशंटच्या मागे दिवा असतो, त्याचा उजेड आरशावर झेलायचा आणि बरोबर त्याच्या कानात किंवा नाकात टाकायचा. डोळा भोकाला, हात दोन्ही मोकळे. ऐकायला सोपं वाटतं, पण सुरुवातीला उजेड पेशंटच्या गालावर, नाहीतर शर्टाच्या खिशावर पडतो. कपाळाला बांधायचे विजेचे छोटे दिवे आता आले आहेत, तरी आरसा अजून शिकवतात. कान तपासताना मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढतात, म्हणजे आतली वाट जराशी सरळ होते. (कान ओढल्याने शहाणपण येतं असं जुने मास्तर म्हणायचे. डॉक्टरांना निदान पडदा तरी दिसतो!)

आरशावरून आठवलं. घशाच्या तळाशी असलेले स्वरतंतू जिवंत माणसात हलताना बघायची चांगली युक्ती कोणा डॉक्टराने नाही, तर गाण्याच्या मास्तरांनी काढली. त्यांचं नाव मॅन्युएल गार्सिया. मूळचे स्पेनचे. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टराचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि आपलाच आवाज जिथून निघतो ती जागा पाहिली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा निबंध वाचला गेला. हे गार्सिया १०१ वर्षं जगले.

पहिल्या वर्षातलं दुसरं काम म्हणजे घोळणा फुटलेले पेशंट. आपल्याकडे घोळणा फुटला की मुलाला आडवं करतात, कांदा हुंगायला देतात. ताई पहिल्या आठवड्यात शिकते ते उलटंच. मुलाला बसवायचं, डोकं जरा पुढे झुकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं सोडायचा नाही, श्वास तोंडाने. आडवं केलं तर रक्त घशात उतरतं. हे घरीही करता येतं. एवढं करून थांबलं नाही, तर दवाखाना.

आता येऊ ऑपरेशनकडे. पालकांच्या मनात इथे एक प्रश्न येतोच. मोठ्या सरकारी इस्पितळात मुलाला नेलं आणि समोर पंचवीस-सव्वीस वर्षांची डॉक्टर उभी राहिली, की आई हळूच विचारते, “शिकाऊ आहेत का हो?” प्रश्न रास्त आहे. शिकायचं तर कोणावर तरी शिकावंच लागणार. मग ते आपल्याच पोरावर का?

उत्तर असं की, पेशंटच्या कानाआधी ताई दुसरीकडे बराच सराव करते. काही ठिकाणी तर सुरुवात कोंबडीच्या अंड्यापासून! हातातल्या बारीक ड्रिलने अंड्याचं कवच खरवडायचं, पण आतला पातळ पापुद्रा फुटू द्यायचा नाही. करून बघायचं मनात आलं असेल, तर उकडलेलं अंडं नखाने सोलताना पापुद्रा शाबूत ठेवून दाखवा. मग हाडाची पाळी. देहदानातून मिळालेलं कानशिलाचं हाड एका वाटीसारख्या चौकटीत घट्ट बसवतात. वरून सूक्ष्मदर्शक. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात पाणी ओढून घेणारी नळी. हाड तापू नये, भुसा साचू नये म्हणून पाण्याची धार चालू. मोठ्या टोकाने सुरुवात करायची आणि नसेजवळ आलं की हिऱ्याची पूड लावलेलं गुळगुळीत टोक घ्यायचं. हाड इतकं पातळ होतं की त्याच्या आडून नस गुलाबी-पांढरी दिसायला लागते. तिथे थांबायचं! थांबणं जमलं नाही तर हाड बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या अनोळखी आजोबांनी देहदानाचा कागद भरला होता, त्यांच्यामुळे हे जमतं. मला तर हा सगळ्या शिक्षणातला सगळ्यात मोठा भाग वाटतो, आणि त्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो.

यानंतरही ऑपरेशन थेट हातात येत नाही. आधी नुसतं बघायचं, मग मदत करायची, मग सोपा टप्पा आपण करायचा आणि उरलेलं सरांनी. दुर्बिणीतलं दृश्य टीव्हीच्या पडद्यावर दिसतं, त्यामुळे ताईच्या हत्याराचं टोक कुठे आहे हे शेजारी उभ्या मॅडमनाही दिसत असतं. त्या “थांब” म्हणाल्या की थांबायचं.

खरी कसोटी रात्रीची. दोन वर्षांच्या बाळाने शेंगदाणा खाता खाता हसलं, ठसका लागला आणि तेव्हापासून छातीत शिट्टीसारखा आवाज येतोय. शेंगदाणा श्वासनळीत! एवढ्या बाळाची श्वासनळी जवळजवळ त्याच्याच करंगळीएवढी असते. आता तुमच्या धाकट्या भावाची करंगळी बघा. एक्स-रेत नाणं दिसतं, शेंगदाणा दिसत नाही. म्हणून आईने सांगितलेली “खाताना ठसका लागला होता” ही एक ओळ फार मोलाची. बाळाला भूल देतात, तोंडातून एक पोकळ धातूची नळी श्वासनळीत घालतात आणि तिच्यातून लांब चिमट्याने दाणा धरतात. अडचण अशी की, श्वास जायचा तोही त्याच नळीतून. म्हणजे भूलतज्ज्ञ आणि सर्जन एकाच वाटेवर काम करत असतात आणि ‘ऑक्सिजन कमी होतोय’ असं एकाने म्हटलं की दुसऱ्याने चिमटा मागे घ्यायचा. दाणा जोरात दाबला तर त्याचे तुकडे होऊन आणखी खोल जातात. अशा वेळी ताई सीनियरना झोपेतून उठवते. कधी उठवायचं हे कळणं, हाही अभ्यासाचाच भाग.

ही नळीची युक्ती जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गुस्टाव किलियन यांनी १८९७ साली पहिल्यांदा वापरली. एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा त्यांनी काढला. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला शेव्हॅलिये जॅक्सन नावाचे डॉक्टर होऊन गेले (१८६५ ते १९५८). लोकांनी गिळलेल्या किंवा श्वासाबरोबर ओढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह तिथल्या म्युटर संग्रहालयात आहे. टाचण्या, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे, शिवाय शाळेत शंभर टक्के हजेरीबद्दल मिळणारा एक बिल्लाही! आपल्याकडे यादी थोडी वेगळी झाली असती : चिंचोके, सीताफळाच्या बिया, हरभरे. पहिलीच्या वर्गात चिंचोके मोजायला दिले की माझं निम्मं लक्ष पोरांच्या नाकांकडे असतं.

पालकांसाठी तेवढं इथेच सांगून टाकते. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. नाका-कानात हरभरा गेला तर पाणी घालू नये, तो फुगतो. आणि घड्याळातली किंवा खेळण्यातली बटणासारखी बॅटरी नाकात गेली किंवा गिळली, तर सकाळची वाट बघू नये. ती काही तासांतच आतलं मांस जाळते.

ताईच्या कामाचे तास हा मात्र दुखरा विषय आहे. सलग ड्यूटी लागते, झोप मोडते, आणि थकलेल्या हाताने बारीक काम कसं करायचं, हा निवासी डॉक्टरांचा जुना प्रश्न आहे. नियमात विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी आहे, पण ‘कामाची निकड नसेल तर’ ही अट त्याला चिकटलेली. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण महाराष्ट्रभर आले, तेव्हा तर निकडच निकड होती. ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकते. सडलेला भाग दुर्बिणीने काढावा लागतो, तोही लगेच. त्या वर्षी शिकत असलेल्या मुलामुलींना आधीच्या कोणाही विद्यार्थ्यांपेक्षा ही ऑपरेशनं जास्त बघायला मिळाली. त्याच वेळी टॉन्सिल, कानाचा पडदा अशी रोजची ऑपरेशनं मात्र पुढे ढकललेली होती.

अभ्यासक्रमात तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काढावे लागतात. तिथे मोठं यंत्र नसतं, सरही शेजारी नसतात. असतात रांगेत उभे वाहणारे कान. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा होते. बाहेरगावचे परीक्षक येतात, खरे पेशंट समोर बसवतात, निदान विचारतात. पास झाल्यावरही जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कानात यंत्र बसवण्यासारखी कामं शिकायला पुन्हा एखाद्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहावं लागतं.

तोवर पहिल्या वर्षाची नवी मुलं ओपीडीत आलेली असतात. त्यांना शिकवायचं काम आता ताईचं. समोरच्या आजींनी आज्ञाधारकपणे आ केलेला असतो, आणि नव्या डॉक्टरांच्या आरशाचा उजेड त्यांच्या कुंकवावर पडलेला असतो.