भाषा-समुपदेशकाची जडणघडण

भाषा शिकविणारा शिक्षक आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ती कशी शिकावी याविषयी विद्यार्थ्याशी केवळ संवाद साधणारी व्यक्ती, म्हणजेच भाषा-अध्ययन समुपदेशक, आपल्याकडे अद्याप रूढ झालेली नाही. (समुपदेशक हा शब्द ऐकताच ‘आमच्या मुलाचे काही बिघडले का?’ असे पालक विचारतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही.)

या भूमिकेचा एक महत्त्वाचा उगम फ्रान्समधील नान्सी विद्यापीठात आढळतो. तेथील ‘क्रापेल’ हे भाषा-संशोधन केंद्र इव्ह शालाँ यांनी उभे केले. १९७२ साली त्यांचे निधन झाल्यावर आंरी होलेक यांनी त्याची धुरा वाहिली. ध्येय कोणते, साहित्य कोणते, पद्धत कोणती आणि प्रगती मोजावी कशी, हे सारे निर्णय शिकणाऱ्याने स्वतः घेणे म्हणजे अध्ययन-स्वायत्तता, अशी मांडणी होलेक यांनी युरोप परिषदेसाठी १९७९ साली सिद्ध केलेल्या अहवालात केली. निर्णय शिकणाऱ्याचे म्हटल्यावर शेजारी बसणाऱ्याचे काम काय, हा प्रश्न ओघानेच आला.

शिक्षकालाच हे काम सर्वाधिक जड जाते. विद्यार्थी म्हणतो, ‘मला शब्दसंग्रह वाढवायचा आहे.’ आम्ही तत्काळ सांगतो, ‘रोज वर्तमानपत्र वाच.’ समुपदेशक विचारतो, ‘कशासाठी? आजवर काय करून पाहिलेस? त्यातले काय टिकले?’ आणि मग थांबतो. हे थांबणे शिकावे लागते. १९९६ साली रेना केली यांनी या संवादातील कौशल्यांची वर्गवारी केली. ध्येय ठरविण्यास साहाय्य करणे, पाठबळ देणे ही व्यापक कौशल्ये. तर लक्षपूर्वक ऐकणे, ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत मांडणे, विसंगती निदर्शनास आणणे ही सूक्ष्म कौशल्ये.

तथापि, यादी पाठ केल्याने सवय बदलत नाही. जपानमधील कांदा आंतरराष्ट्रीय अभ्यास विद्यापीठाच्या स्वयं-अध्ययन केंद्रात यासाठी अवलंबिलेली रीत आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. तेथे समुपदेशक स्वतःच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतो. कोण किती बोलले, विद्यार्थी विचारात पडला असता आपण मध्येच उत्तर पुरविले का, हे तपासतो. नंतर अनुभवी सहकाऱ्याशी त्यावर चर्चा होते. आणि तो सहकारीही दोष दाखवीत बसत नाही, प्रश्नच विचारतो. म्हणजे समुपदेशकाने विद्यार्थ्याला जे द्यायचे, ते आधी त्याला स्वतःला अनुभवावयास मिळते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या भाषा केंद्रात १९९४ पासून चाललेल्या स्वायत्त अध्ययन उपक्रमात मात्र लेखनावर भर राहिला. तेथील समुपदेशक मूळचे भाषाशिक्षकच. आपल्या बैठकींचे आणि स्वतः भाषा शिकतानाचे अनुभव लिहून ते परस्परांत वाचले जातात.

हा विषय येथे मांडण्याचे कारण आपली अभ्यासिका आहे. घरात इंग्रजी शिकणारा पहिलाच असलेला विद्यार्थी अडतो, तेव्हा पद्धत चुकली असे त्याला वाटत नाही. आपणच कमी पडलो असे वाटते. न ऐकता दिलेला सल्ला पाळणे जमले नाही, की हा समज पक्का होतो. ‘ही भाषा आपली नव्हेच’ असे एकदा मनाने घेतले, की पुढे कोणतेही व्याकरण उपयोगी पडत नाही.

यासाठी नवीन पद निर्माण होण्याची वाट पाहावी असे आम्हांस वाटत नाही. दोन शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एकेका विद्यार्थ्याशी पंधरा मिनिटे बोलावे, मोबाईलवर ते मुद्रित करावे आणि एकमेकांचे ऐकावे. विद्यार्थ्याची व पालकांची संमती आधी घ्यावी, आणि चर्चा झाल्यावर ध्वनिमुद्रण पुसून टाकावे.