निमोचा बाबा ज्या प्रवाहातून गेला...
‘फाइंडिंग निमो’मध्ये निमोचा बाबा कासवांच्या संगतीने एका प्रवाहातून सुसाट जातो, आठवतंय? तो पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह खराखुरा आहे! (सिनेमातला वेग मात्र सिनेमापुरताच.)

कोरल समुद्रातलं कोमट पाणी तो किनाऱ्यालगत दक्षिणेकडे आणतो. सिडनीच्या उत्तरेला बराचसा प्रवाह किनारा सोडून पूर्वेला वळतो आणि त्यातून भोवरे सुटतात. नदीतले नव्हेत हं, एकेकाचा व्यास 200 किलोमीटरच्या आसपास! काही तर महिनोन्‌महिने फिरत राहतात. तिथे घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा उबदार, सुलट फिरणारा थंड. थंड भोवऱ्यात खालचं पोषक पाणी वर येतं.

हवामान बदलामुळे वाऱ्यांचे पट्टे दक्षिणेकडे सरकतायत, आणि त्यांच्यामागोमाग उबदार पाणी नि भोवरेही. पुढेही हे वाढत जाण्याची चिन्हं आहेत. या उबदार पाण्यामुळे टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरची राक्षसी केल्प या समुद्री शैवालाची पाण्याखालची जंगलं जवळजवळ संपलीत. भरीला लांब काट्यांचे सी अर्चिन. त्यांच्या अळ्या याच प्रवाहावर स्वार होऊन न्यू साउथ वेल्सकडून आल्या. आता ते शैवाल खरवडून खडक बोडके करतायत. टास्मानियात ते पहिल्यांदा सापडले 1978 मध्ये.