रांजीखालची माती

वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरच्या आसपास नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कपाशी-तुरीची काळी रानं लागतात. 2017 मध्ये जंगलाबाहेरच्या बांबूला कायद्याने झाडाच्या व्याख्येतून वगळलं आणि धुऱ्यावर बांबू लावण्याची चर्चा वाढली. सोबत एक धास्तीही आली: बांबू जमीन खातो, जंगल गिळतो.

धास्ती निराधार नाही. चीन-जपानमधला मोसो बांबू शेजारच्या वनात खरोखर घुसतो. त्याचं खोड जमिनीखाली आडवं धावत जातं आणि दूरवर कोंब काढतं. तो शिरला की मातीतला आम्लपणा बहुधा उतरतो. अनेक ठिकाणी नायट्रेट घटून अमोनियम वाढलेलं आढळलं आहे. सगळ्यांत मोठी उलथापालथ बुरशीची. पाईन आणि ओकच्या मुळांवर बुरशी बाहेरून आवरण चढवते, बांबूची बुरशी मुळाच्या पेशीत शिरून राहते. पाईन गेले की त्यांच्या बुरशीचं घरच जातं.

वर्धा जिल्ह्यातल्याच बोर अभयारण्यात मात्र बांबू सागाच्या शेजारी उभा असतो, आणि सागाची बुरशीही पेशीत शिरणारीच! जमिनीखालचा सोबती दोघांचा एकाच जातकुळीचा. शिवाय इथला मानवेल जातीचा बांबू धावत नाही, रांजी म्हणजे बेट करून एका जागी वाढतो. मोसोचा गुन्हा मानवेलाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. इथल्या कोरड्या पानगळी वनांत परकी घुसखोर आहे ती घाणेरी. तिच्याखाली मातीतल्या नायट्रोजनचं चक्र बदलतं, हे विंध्य भागातल्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

रांजीखालचा पाचोळा हाताने उकरून पाहावा. वर कडक, फिकट पानं. खाली काळपट, ओलसर थर आणि त्यात पांढरे तंतू. पानं सावकाश कुजतात, कारण त्यांत सिलिका भरपूर असते. बुरडाच्या कोयत्याची धार लवकर बोथट करते तीच ही सिलिका.

बांबू मातीला काय देतो, हे पर्यावरणशास्त्रज्ञ पी. एस. रामकृष्णन यांनी ईशान्य भारतात पाहिलं. बांबूच्या गौरवाच्या भाषणांत हे नाव क्वचितच येतं, आणि ते यायला हवं. झूम शेतीत जंगल जाळलं की राखेतलं पोटॅश पावसाबरोबर उतारावरून वाहून जाऊ लागतं. शेत पडीक टाकल्यावर तिथे बांबू फोफावतो. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की तो हेच निसटतं पोटॅश शोषून अंगात साठवतो आणि पानगळीतून हप्त्याहप्त्याने मातीला परत करतो. पडीक रानाची तिजोरीच ती.

तरीही बांबूची भलावण करताना जागा पाहावी लागते. मानवेलाला निचऱ्याची जमीन हवी. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात तो रडतखडत वाढतो. आणि उन्हाळ्यात धुरा साफ करायचा म्हणून रांजीखालचा पाचोळा पेटवला, तर हप्त्याने मिळायचं पोटॅश एकदम राखेत येतं आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत नाल्याला लागतं.