धाप लागली, पण कशानं?

मुलांनो, पिठल्यात गुठळ्या झाल्या की आई त्या पळीनं मोडून टाकते. तशीच गुठळी रक्ताचीही होते. गुडघा खरचटला की थोड्या वेळानं रक्त थांबतं ना? ती ह्या गुठळीचीच करामत. पण भलत्या ठिकाणी झाली, तर जिवावर बेतते.

समजा, मोहोळच्या एका घरातल्या आत्याचा पाय मोडला. ऑपरेशन झालं, प्लॅस्टर चढलं. कालच ते निघालं. आज सकाळी ती नुसती न्हाणीपर्यंत गेली आणि तिला धाप लागली. छातीतही टोचतंय म्हणते. घरातले म्हणणार, "पडून पडून अशक्तपणा आलाय, सरबत द्या." इथंच फसगत होते!

आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात. पाय हलेनासा झाला की रक्त रेंगाळतं, साकळतं. त्या गुठळीचा तुकडा सुटला की हृदयातून थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जातो आणि बोळ्यासारखा अडकतो. जर्मनीच्या डॉ. रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रवास उलगडून दाखवला.

पंचाईत अशी, की ही गुठळी स्टेथोस्कोपनं ऐकू येत नाही. साध्या एक्स-रेतही पुष्कळदा काही दिसत नाही. शिवाय धाप दम्यानं लागते, न्यूमोनियानंही लागते. मग डॉक्टर आधी काय करतात? चक्क प्रश्न विचारतात! एकच पाय सुजलाय का? गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालंय? पूर्वी कधी गुठळी झाली होती? थुंकीतून रक्त पडलं? नाडी शंभराच्या वर आहे का, तेही बघतात.

उत्तरांवरून संशय कमी वाटला, तर रक्ताची 'डी-डायमर' तपासणी. गुठळी विरघळताना तिचे बारीक तुकडे रक्तात उतरतात, ते इथं मोजतात. प्रमाण कमी आलं, तर गुठळी नाही असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं. जास्त आलं म्हणजे गुठळी आहेच, असं मात्र नाही हं! जखम, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, गरोदरपण, सगळ्यांत ते वाढतं. म्हणून आत्याला सरळ सीटी स्कॅन. हाताच्या शिरेत औषध टोचतात, अंगात ऊब पसरते आणि काही सेकंदांत रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उमटतात. गुठळी असेल तिथं करडा डाग. संशय दाट असला, तर स्कॅनची वाट न बघताच गुठळी वाढू न देणारं औषध सुरू करतात.

टेनिसपटू सेरेना विल्यम्स तुम्हाला ठाऊक आहे. २०११ मध्ये, पायाच्या ऑपरेशननंतर, तिच्या फुप्फुसात गुठळी सापडली होती. २०१७ मध्ये मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला दम लागू लागला. "माझा सीटी स्कॅन करा," तिनं स्वतःच सांगितलं. आधी पायांची सोनोग्राफी झाली, तिच्यात काही निघालं नाही. मग स्कॅन केला, तर फुप्फुसात बारीक गुठळ्या! स्वतःचा जुना आजार तिच्या लक्षात होता, हे केवढं कामाला आलं बघा.

आपल्या आत्याचं प्लॅस्टर तर निघालेलं. पाय साडीखाली झाकलेला. डॉक्टरांना तो दिसणार कसा? तेव्हा १०८ ला फोन करा, मोहोळहून सोलापूरला निघताना ऑपरेशनचे कागद पिशवीत टाका आणि धापेबरोबर पायाचीही गोष्ट सांगा. मोठी माणसं घाबरून विसरली, तर तुम्ही सांगा.