आजाराआधी बातमी घाट चढली तर

मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि मग गाडी थळघाट, म्हणजेच कसारा घाट, चढू लागते. 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा हा चढ. 1865 मध्ये ही वाट रुळांवर आली. त्याआधी कोकणातून देशावर यायचं म्हणजे बैलांचा आणि माणसांचा घाम निघायचा. घाटमाथ्यावर इगतपुरीला बँकर सुटतात, फलाटावर वडापाववाल्यांची धावपळ होते आणि गाडी नाशिककडे निघते. मुंबई ते इगतपुरी हे सुमारे 137 किलोमीटर अंतर आता अडीच-तीन तासांचं आहे.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. इन्फ्लूएंझाचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण दोन दिवस जातात, कधी एक, कधी चार. प्लेगला दोन ते सहा दिवस लागतात. 2020 मधल्या कोरोनाला सरासरी पाच दिवस लागत. म्हणजे मुंबईत ज्याला लागण झाली, तो माणूस धडधाकट अवस्थेत घाट चढतो, इगतपुरीला चहा पितो, नाशिकला उतरतो, घरी जेवतो, लग्नाला जातो, आणि मग आजारी पडतो. कोरोनात तर लक्षणं दिसण्याआधी दोन दिवसांपासून माणूस इतरांना लागण करू शकत होता. स्टेशनच्या दारात कपाळाशी धरलेल्या तापमापक यंत्राला यातलं काहीच दिसत नाही.

रेल्वेने रोगाला गती दिली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण रुळांच्या कडेने तारेचे खांबही उभे राहिले होते. रोग गाडीच्या वेगाने घाट चढतो आणि बातमी तारेच्या वेगाने. त्यामुळे गावात आधी कोण पोचतं, बातमी की आजार, आणि बातमी आधी पोचली तर लोक तिचं काय करतात, यावर साथीचं पुढचं सगळं ठरतं. मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली होती: कुणी बोटीने, कुणी पायी, कुणी रेल्वेने. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला आणि रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. स्टेशनांवर बायकामाणसांना उतरवून काखा-जांघांत गाठी आहेत का, हे पाहिलं जाऊ लागलं. लोक संतापले. पुण्यात घरोघरच्या झडत्यांचा शेवट 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या जीवघेण्या गोळीबारात झाला. त्याआधी ऑक्टोबर 1896 मध्येच मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती घरोघर होती. मग लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. रुग्ण लपला की सरकारला साथ कुठे आहे तेच कळेनासं होतं, म्हणजे ज्या कामासाठी झडत्या होत्या तेच काम झडत्यांनी बुडवलं.

आणि ही तपासणी पाहत होती माणसाच्या अंगाकडे! प्लेग पसरवणारी उंदरावरची पिसू मात्र धान्याच्या पोत्यांतून, बोचक्यांतून, अंथरुणांच्या गुंडाळ्यांतून निर्वेध चालली होती. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत पिसवेचा माग काढला. तो जगाने मान्य करायला आणखी आठ-दहा वर्षं गेली.

ज्यांना पिसवेचं नावही ठाऊक नव्हतं, त्या गावकऱ्यांनी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती. घरात उंदीर पडू लागले की पाठोपाठ माणसं पडतात. म्हणून उंदीर पडले की घराला कुलूप घालायचं आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचं. दाणागोटा, गुरं, म्हातारी माणसं, सगळं तिकडे. रात्री थंडी, दिवसा ऊन, आणि मागे घरात चोरी होईल ही धास्ती. आज या वागण्याचा अर्थ लावता येतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू दुसरं रक्त शोधते, आणि ती शोधू लागते तेव्हा घरात माणूस नसतो. प्रयोगशाळेने कारण सांगण्याआधी लोकांनी उपाय सुरू केला होता, आणि तो त्या काळातल्या कुठल्याही सरकारी फवारणीपेक्षा सरस होता. नुसत्या निरीक्षणावर अख्खं गाव घराबाहेर पडतं, हे मला आजही थक्क करतं. सगळेच वाचले असं नाही. इगतपुरीच्या पुढे, देवळालीला लागून असलेल्या भगूरला विनायक दामोदर सावरकरांचे वडील 1899 मध्ये प्लेगनेच गेले.

1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, वेगळी. इथे उंदरांसारखा इशारा नव्हता. जूनमध्ये मुंबईत ताप आला, ओसरला, लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. सप्टेंबरमध्ये तोच रोग दुसऱ्या रूपात परतला आणि विशी-चाळिशीतली कमावती माणसं नेऊ लागला. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. वर त्या साली पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेलं. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली, असे अंदाज आहेत. काही अंदाज त्याहून बरेच मोठे. या लाटेच्या नोंदी जिल्हावार तपासल्या तेव्हा दिसलं, की मुंबईकडून पूर्वेला सरकताना ती मंदावत गेली, तिची धार कमी झाली आणि मुक्काम लांबला. विषाणूच सौम्य होत गेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला वाटतं, उशिरा लाट आलेल्या गावांना आधी बातमी मिळाली, हाही त्यातला एक धागा असेल.

असं वाटण्याला आधार आहे. 1919 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत हाच फ्लू एकाहून अधिक लाटांनी आला. पुढे गणितज्ञांनी तिथल्या मृत्यूंचे आकडे तपासले तेव्हा एक साधी कल्पना त्या चढउतारांना चपखल बसली. मृत्यू वाढले की लोक घाबरून एकमेकांपासून लांब राहतात, साथ उतरते. मृत्यू कमी झाले की धीर येतो, लोक पुन्हा मिसळतात, साथ पुन्हा चढते. म्हणजे साथीच्या आलेखात विषाणूच्या जोडीने आपलं मनही रेखाटलेलं असतं.

लोकांच्या वागण्यातल्या अशा छोट्या बदलाचं वजन किती असतं, ते बोटांवर मोजा. एक रुग्ण दोघांना लागण देत असेल, तर लागणीच्या दहा पिढ्यांनंतर एकाचे 1024 होतात. आता प्रत्येकाने गाठीभेटी फक्त तीस टक्क्यांनी कमी केल्या. घरात कोंडून घेतलं नाही, बाजारही सोडला नाही. नुसती एखादी बारशाची पंगत टाळली, ताप असताना कामावर गेला नाही. मग दोनाऐवजी 1.4 जणांना लागण होते, आणि दहा पिढ्यांनंतर नवे रुग्ण असतात सुमारे 29. हजार आणि एकोणतीस! हे गणित मी जितक्यांदा करतो तितक्यांदा पुन्हा तपासून पाहावंसं वाटतं.

अशा वागण्याला हुकूम लागतोच असंही नाही. 2020 मध्ये अमेरिकेत लोकांनी दुकानांत जाणं सुमारे साठ टक्क्यांनी कमी केलं. गुल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून हिशेब केला, तर त्या साठातले जेमतेम सात सरकारी आदेशामुळे होते. बाकी लोकांनी बातमी ऐकून आपणहून केलं.

पण बातमी कळली तरी ती पाळण्याची ऐपत लागते, आणि ही गोष्ट कसारा घाटाने 2020 मध्ये फार जवळून पाहिली. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, प्रवासी गाड्या थांबल्या, 24 च्या मध्यरात्री टाळेबंदी लागली. मुंबई-आग्रा महामार्गावरून डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं घेऊन माणसं चालत घाट चढू लागली. कोरोना काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. तोंडाला रुमाल, गमछे बांधलेले होते. पण काम बंद, खोलीचं भाडं थकलेलं, एका खोलीत आठ-दहा जण. घरी थांबा, हा सल्ला पाळायला घर हजार किलोमीटरवर होतं. नाशिक जिल्ह्यात अनेकांना थांबवून निवारा केंद्रांत ठेवलं गेलं, आणि 1 मे 2020 च्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. तोवर महिनाभर अन्न मिळालं ते बरंचसं वाटेवरच्या गावकऱ्यांच्या, संस्थांच्या हातून. या माणसांना बेफिकीर म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. खाण्याची आणि निवाऱ्याची सोय हा साथ रोखण्याच्या उपायांचाच भाग आहे, आणि तो मास्कच्या आधी येतो.

1918 च्या त्या साथीचा एक पुरावा तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी पडून असण्याची शक्यता आहे. जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जातो आणि पणजोबांच्या जन्माची नोंद शोधायला कोतवाल बुकाची जीर्ण पानं उलटतो. मोडी येत नसेल तर जाणकाराला सोबत नेतो. त्याच वहीत मृत्यूही लिहिलेले असतात. 1918 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं मिळाली तर थोडं थांबा. मृत्यूच्या कारणापुढे बहुधा नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असेल, कारण त्या काळी अशा बहुतेक मृत्यूंची नोंद तापातच होत असे. नावं मोजा, वयं पाहा, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा, आणि जे दिसेल ते लिहून काढून गावच्या शाळेत द्या.