पिन एकच, कामं दोन

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी. आज त्याच जिल्ह्यातल्या लोणखेड्यासारख्या गावात आधारवर पैसे काढायचे, तर बँक मित्राचा मोबाइल आणि त्याला वायरने जोडलेलं अंगठ्याचं मशीन एवढ्यावर काम भागतं. पंचाईत होते ती बॅटरी पाच टक्क्यांवर आली की. मशीन जिथे खोचलंय, चार्जरही तिथेच लागतो.

ही जागा म्हणजे मोबाइलचं टाइप-सी पोर्ट. त्यात 24 संपर्क असतात. चार विजेचे, चार ग्राउंडचे, उरलेले बहुतेक माहितीची ने-आण करणारे. खरे कारभारी मात्र दोनच, सीसी-1 आणि सीसी-2. मशीनच्या बाजूने या जोडणीवर 5.1 किलोओहमचा बारीकसा रेझिस्टर असतो. तो जाणवला की समोरच्याला वीज हवी आहे हे मोबाइलला कळतं आणि तो आपल्याच बॅटरीतून 5 व्होल्ट बाहेर सोडतो. म्हणजे चार्जिंग राहिलं दूर, उलट मोबाइलच मशीनला पोसतो! चार्जर लावला की देणारा-घेणारा बदलतो.

यावर तोड आहे. 'पॉवर डिलिव्हरी'च्या नियमांत वीज कोणी द्यायची आणि हुकूम कोणी सोडायचा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात. चार्जरची जागा असलेला हब मध्ये लावला, तर मोबाइल वीज घेता घेता मशीनही चालवू शकतो. पण ही सोय मोबाइलमध्येच असावी लागते, आणि ती सगळ्यांत नसते.

ॲपलने 2015 मध्ये मॅकबुकला हेडफोनची जागा सोडता एकच टाइप-सी पोर्ट दिलं, तेव्हा बरीच ओरड झाली. युरोपीय संघात डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं झालं, ते योग्यच. सगळ्यांचं पोर्ट एकसारखं असावं. पण एका यंत्राला एकच पोर्ट, यात ग्राहकापेक्षा कंपनीची सोय जास्त. टाइप-सी साधारण 10,000 वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवतात. दिवसाला तीस वेळा काढघाल केली तर हा आकडा वर्षभरात गाठला जातो. धुळीचं तर विचारूच नका.

म्हणून कामासाठी मोबाइल घेणार असाल, तर आपलं मशीन आणि हब दुकानात घेऊन जा. चार्जिंग चालू ठेवून अंगठा लागतो का, ते पैसे देण्याआधी तिथेच पाहा.