वारा तोंडावर असताना

19 ऑगस्ट 2009. त्या वर्षी पावसाने देशभर ओढ दिली होती आणि मराठवाड्यातला शेतकरी नैऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहत होता. त्याच दिवशी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही 56 फुटी शिडाची नाव घेऊन एकटेच मुंबईहून निघाले. हिंगोलीला हवाहवासा वाटणारा हा वारा त्यांना मात्र आडवा होता.

शिडाची नाव वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी पुढे सरकते. वाऱ्याच्या दिशेने शंभर मैल कापायचे, तर नावेला एकशेचाळीसच्या वर मैल चालावे लागते. शिवाय ती आडवी ढकलली जाते ते वेगळेच. मुंबईहून विषुववृत्त सरळ रेषेत सुमारे 1,140 सागरी मैल. पावसाळ्यात या टप्प्यावर वारा पुढून, उजव्या अंगाने येतो आणि नावेला किनाऱ्याकडे लोटतो. म्हणून आधी किनाऱ्यापासून लांब जायचे, मग दक्षिण धरायची. नाव कललेली, प्रत्येक लाटेचा दणका नाळेवर. अशा वेळी शीड लहान करून, वेग सोडून, नाव आणि माणूस शाबूत ठेवणे हेच शहाणपण. पुढे विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात वाराच पडतो. तिथे एखाद्या झुळुकीसाठीही शीड पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. समुद्रावरचा धीर हा असा सतत राबणारा असतो. हात बांधून बसणाऱ्याला तिथे थारा नाही.

मग पाऊस ओसरेपर्यंत का थांबले नाहीत? इथेच या सफरीतली खरी समज दिसते. मुंबई, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन आणि परत मुंबई असा मार्ग होता. त्यात सगळ्यात अवघड जागा म्हणजे दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न. तिथून दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यातच जावे, असा दर्यावर्दींचा अनुभव. जानेवारीच्या अखेरीस हॉर्न गाठायचे, तर ऑगस्टमधला उलटा वारा पत्करणे भाग होते. त्याच्या बदल्यात दक्षिण महासागरात ‘गरजणारे चाळीस’ हे पश्चिमी वारे पाठीशी मिळाले.

हेच वारे उलट बाजूने अंगावर आले, की काय होते? 1788 मध्ये ‘बाउंटी’चा कप्तान विल्यम ब्लाय पूर्वेकडून हॉर्न ओलांडू पाहत होता. सुमारे महिनाभर झुंजूनही जमेना. शेवटी त्याने जहाज वळवले, आफ्रिकेच्या बाजूने अर्ध्या जगाचा वळसा घेतला आणि ऑक्टोबरमध्ये ताहिती गाठले. मला ब्लायचा हा निर्णय हट्टापेक्षा मोठा वाटतो.

दोंदे 19 मे 2010 रोजी मुंबईला परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘फेट’ चक्रीवादळ उठले. परतीचा हिशेब किती बारकाईने करावा लागतो, याचा याहून वेगळा पुरावा नको.

या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते समुद्रकाठी नव्हे, तर साताऱ्याच्या फलटण तालुक्यात विंचुर्णीला राहिले. नाव बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. त्याच गोदीत पुढे ‘तारिणी’ तयार झाली. तीवरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 2 ऑक्टोबर 2024 ते 29 मे 2025 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

दर्याची ओढ लागायला किनाऱ्यावरच जन्मावे लागते असे नाही. हिंगोलीच्या शाळांत ग्रहीय वाऱ्यांचा धडा दरवर्षी शिकवला जातो. शिक्षकांना विनंती, की त्या तासाला भिंतीवरच्या नकाशावर ‘म्हादेई’चा मार्ग खडूने काढून दाखवा आणि ती ऑगस्टमध्येच का निघाली, हे मुलांनाच शोधू द्या.